कंपनी काय विकते ते नंतर, कुणाच्या पैशावर चालते ते आधी बघा

शेलूबाजारच्या चौकात चहा घेत बसलो होतो. ओळखीतला एक मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, "चाचा, हा शेअर घेऊ का? शेतीची कंपनी हाय. दारू नाई, जुगार नाई, बँक नाई. हलालच हाय ना?"

मी विचारलं, "कंपनीवर कर्ज किती?"

तो हसला. "त्याचं काय करायचं चाचा? लोक खाणं थोडीच सोडनार. शेतीची कंपनी बुडते कशी?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. समृद्धी महामार्ग आमच्या गावाजवळून गेला, जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले. काहींनी प्लॉट घेतले, काहींनी गाडी घेतली, आणि आता घराघरातली पोरं डिमॅट खातं उघडून बसली आहेत. त्यांना बँकेचं व्याज नको, मुदत ठेव नको. शेअर मात्र चालतो, आणि त्यातही शेतीचा शेअर म्हणजे पाक धंदा. बापाच्या जमिनीचा पैसा असा एका समजुतीवर लागतो आहे. ती समजूत चुकीची आहे आणि महागात पडणारी आहे, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: शेतीवर जगणाऱ्या कंपनीची किंमत ती काय विकते यावर जेवढी ठरते, तेवढीच ती कुणाच्या पैशावर चालते यावरही ठरते. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांचे पैसे गेले आहेत.

मक्ता आणि बटई

हे समजायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. वऱ्हाडातल्या प्रत्येक माणसाला मक्ता आणि बटई कळते.

मक्त्यानं शेत घेतलं तर ठरलेले पैसे द्यायचेच. पाऊस आला नाही, सोयाबीनला शेंगा धरल्या नाहीत, खोडमाशीनं पीक खाल्लं, तरी मक्ता सुटत नाही. पीक चांगलं आलं तर मात्र वरचं सगळं आपलं. बटईत तसं नाही. पिकलं तर दोघांचं, बुडालं तर दोघांचं. मालक श्रीमंत होत नाही, पण कसणारा रस्त्यावरही येत नाही.

कंपनीचं कर्ज म्हणजे मक्ता. शेअर म्हणजे बटई. बाकी सगळे मोठमोठे शब्द याच्याच भोवती फिरतात.

हिशोब करून पाहू. दोन कंपन्या आहेत, दोघींचा धंदा शंभर कोटींचा. पहिलीचे सगळे पैसे मालकांचे म्हणजे शेअरधारकांचे. दुसरीत तीस कोटी मालकांचे आणि सत्तर कोटी बँकेचे, दहा टक्के व्याजानं. चांगल्या वर्षी दोघी पंधरा कोटी कमावतात. पहिलीच्या मालकाला शंभरावर पंधरा टक्के मिळाले. दुसरीनं सात कोटी व्याज भरलं, आठ उरले. तेही तीस कोटींवर, म्हणजे जवळपास सत्तावीस टक्के. लोक दुसरीवर तुटून पडतात, तिचा शेअर पळतो, पेपरात मालकाचा फोटो येतो. मग एक वाईट वर्ष येतं. दोघी चारच कोटी कमावतात. पहिलीला चार टक्के मिळाले, वाईट पण चाललं. दुसरीला व्याज सातच कोटी आहे. तीन कोटी घरातून गेले, मालकांच्या भांडवलाचा दहावा भाग एका वर्षात साफ. असं दुसरं वर्ष आलं की बँक व्याज वाढवते, नवं कर्ज देत नाही, आणि कंपनी जगण्यासाठी जे चांगलं आहे तेच विकायला काढते.

अर्थशास्त्र शिकलेले इथं मला अडवतील. १९५८ साली फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या दोघांनी मांडलं होतं की कंपनीनं पैसा कर्जानं उभा केला की शेअरनं, यानं तिच्या एकूण किमतीत फरक पडत नाही. दोघांनाही पुढं नोबेल मिळालं. पण त्यांनी अटी घातल्या होत्या: कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांना सारखी माहिती, सगळ्यांना सारख्या दरानं कर्ज. या अटी जिथं नसतील तिथं फरक पडतो, असाच त्याचा उलटा अर्थ. आता या अटी घेऊन आमच्या बाजारात या. इथं सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल चार हजारांच्या आसपास जात होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि मे २०२५ अखेरीस १० टक्क्यांवर आणलं. एका अधिसूचनेनं तेल कंपन्यांचं गणित बदलतं. भावाच्या धक्क्यापासून वाचायला वायदे असतात म्हणावं, तर डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीनसह काही शेतमालाचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली. पाऊस बेभरवशाचा, भाव बेभरवशाचा, सरकार बेभरवशाचं. ठरलेलं काय, तर फक्त व्याज. असा धंदा मक्त्यानं करायचा म्हणजे आगीशी खेळ.

सोयाबीनची गोष्ट

ज्या सोयाबीननं वाशीम जिल्हा जगतो त्याच सोयाबीनवर इंदूरची रुची सोया उभी राहिली. न्युट्रिला घराघरात गेलं. वर्षाची उलाढाल पंचवीस हजार कोटींच्या पुढे गेली होती. पण तेलाच्या धंद्यात उलाढाल डोंगराएवढी आणि नफा मुठीएवढा. शंभर रुपयांच्या मालावर दोन-तीन रुपये राहतात, आणि माल घ्यायला लागणारा पैसा बँकेचा. भाव थोडा उलटा फिरला की ते दोन रुपये गेले, व्याज मात्र उभंच.

डिसेंबर २०१७ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड आणि डीबीएस या बँकांच्या अर्जावरून कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. बँकांचं येणं नऊ हजार कोटींच्या वर होतं. अदानी विल्मरची बोली आधी मंजूर झाली, नंतर त्यांनी माघार घेतली. २०१९ मध्ये पतंजलीनं सुमारे ४,३५० कोटींत कंपनी घेतली. म्हणजे बँकांनी निम्म्याहून अधिक पैशावर पाणी सोडलं. आणि घेणाऱ्यानं पैसे कुठून आणले? त्यातले सुमारे ३,२०० कोटी पुन्हा बँकांच्याच कर्जाचे, आणि कर्ज देणाऱ्यांमध्ये स्टेट बँक होती, जिचे जुने पैसे याच कंपनीत बुडाले होते. आमच्या गावात एखाद्या शेतकऱ्यानं पीककर्ज थकवलं आणि त्याच्याच भावाला तेच शेत घ्यायला त्याच बँकेनं कर्ज दिलं, असं कधी ऐकलंय?

आता लहान शेअरधारकाचं काय झालं ते बघा. ज्याच्याकडे शंभर शेअर होते त्याच्या हाती एक राहिला. त्यानं काही चूक केली नव्हती. न्युट्रिला लोक तेव्हाही खात होते, आजही खातात. कारखाने तेच, सोयाबीन तेच, ब्रँड तोच. फक्त पैसा ज्या अटींवर आणला होता त्या अटींनी मालकी बदलली.

पुढचा भाग तर याहून शिकण्यासारखा आहे. जानेवारी २०२० मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला तेव्हा भाव सतरा रुपयांच्या आसपास होता. जूनअखेर तो दीड हजारांवर गेला. पाच महिन्यांत सोयाबीन नव्वदपट महागलं होतं का? नाही. ९९ टक्के शेअर प्रवर्तकांकडे होते, बाजारात एक टक्काही नव्हता. विकायलाच कुणी नाही तर भाव काय, कुठंही जाईल. आडतीत एकच पोतं असेल आणि घेणारे पन्नास असतील तर त्या पोत्याच्या भावाला बाजारभाव म्हणत नाहीत. आमची पोरं मात्र त्याला 'व्हॅल्यू' म्हणत होती. मार्च २०२२ मध्ये कंपनीनं ६५० रुपये भावानं ४,३०० कोटींचे नवे शेअर लोकांना विकले आणि त्या पैशातून मुख्यतः कर्ज फेडलं. त्या विक्रीच्या वेळी कंपनीची जाहिरात करणारे एसएमएस फिरले, म्हणून सेबीला गुंतवणूकदारांना अर्ज मागं घेण्याची मुभा द्यायला लावावी लागली. त्याच वर्षी कंपनीचं नाव पतंजली फूड्स झालं.

म्हणजे जुनं कर्ज बँकांच्या ठेवीदारांनी सोसलं आणि नवं कर्ज नव्या शेअरधारकांच्या पैशातून फिटलं. यात कायदा मोडला असं मी म्हणत नाही. सगळं कायद्यानंच झालं, आणि माझी तक्रार तीच आहे.

ठिबक आणि औषध

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची, जळगावची. भवरलाल जैन यांनी उभारलेल्या जैन इरिगेशननं ठिबक खेड्यापाड्यात नेलं. या कंपनीबद्दल मला आदर आहे; कोरडवाहू भागात तिनं केलेलं काम खरं आहे. पण चांगलं काम आणि चांगला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिबकचा धंदा अनुदानावर चालतो. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेत ५५ टक्के अनुदान आहे, राज्य त्यात भर घालतं. पण माल आज द्यायचा, अनुदानाचा पैसा सरकार सवडीनं देणार. मधल्या काळात कंपनी बँकेकडून पैसा उचलते आणि व्याज भरते. सरकारच्या ढिलाईचं व्याज कंपनीनं भरायचं, असा हा मामला. त्यावर परदेशातल्या कंपन्या विकत घेतल्या, २०१७ मध्ये डॉलरचे वीस कोटींचे रोखे काढले. २०१९ मध्ये हप्ते थकले. २०१८ च्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या वर असलेला शेअर २०२० च्या मार्चमध्ये एक आकडी झाला. मार्च २०२२ मध्ये बँकांशी तडजोड पूर्ण झाली आणि पुढच्या वर्षी परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्हुलिस या कंपनीत विलीन करून मोकळं व्हावं लागलं. वर्षानुवर्षं जोडलेलं कर्जापायी हातचं गेलं. ठिबकच्या नळ्या तेव्हाही चांगल्याच होत्या.

तिसरी गोष्ट यूपीएलची. 'साफ' हे बुरशीनाशक आमच्या कृषी सेवा केंद्रात कुणालाही मागा, मिळेल. या कंपनीनं २०१९ मध्ये अरिस्टा ही परदेशी कंपनी ४.२ अब्ज डॉलरला घेतली. त्यातले तीन अब्ज कर्जाचे, बाकी १.२ अब्ज दोन मोठ्या गुंतवणूकदारांचे. दोन-तीन वर्षं सगळं बरं चाललं. मग जगभर औषधांचे भाव पडले, दुकानदारांनी साठा कमी केला, आणि २०२३-२४ मध्ये कंपनीला सुमारे बाराशे कोटींचा तोटा झाला. आदल्या वर्षी शेअरमागे दहा रुपये लाभांश देणाऱ्या कंपनीनं त्या वर्षी एक रुपया दिला. २०२४ च्या अखेरीस ३६० रुपये भावानं नवे शेअर काढून सुमारे ३,३७८ कोटी उभे करायला घेतले. नंतर शेअर सावरला, हेही सांगायला हवं. पण सावरेपर्यंत ज्याला मुलीचं लग्न किंवा घराचं बांधकाम थांबवता आलं नाही, त्यानं तोट्यातच विकला.

हे फक्त भारतात घडतं असंही नाही. जर्मनीच्या बायरनं २०१८ मध्ये ६३ अब्ज डॉलर मोजून मोन्सँटो घेतली, तीच मोन्सँटो जिचं बीटी तंत्रज्ञान आमच्या कपाशीत आहे. तणनाशकाचे खटले आणि कर्ज, दोन्ही एकदम अंगावर आले. २०२४ मध्ये बायरनं लाभांश कायद्याला लागेल तेवढाच ठेवला, तोही तीन वर्षांसाठी. खटले कुणावरही येतात. पण ज्याच्या डोक्यावर कर्ज असतं त्याला ते दुप्पट लागतात.

मग बिनकर्जी म्हणजे पाक?

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. वरचं वाचून काही जण म्हणतील, "बघा, व्याजाबद्दल आपण म्हणत होतो तेच खरं निघालं." थोडं थांबा.

कावेरी सीड्स घ्या. विदर्भात कपाशी लावणाऱ्याला ही कंपनी सांगायला नको. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं बीटी बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणलं, पाकीट ८०० रुपयांवर बांधलं. कंपनीचा नफा खाली आला. पण अंगावर कर्ज जवळपास नव्हतं, म्हणून कुणी दारात आलं नाही. उलट २०१७ मध्ये तिनं दोनशे कोटी खर्चून आपलेच शेअर परत विकत घेतले. धक्का बसला, पण व्याज भरायचं नव्हतं म्हणून कंपनी उभी राहिली. माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

पण हेही विचारा की बियाण्याच्या कंपनीला कर्ज लागत का नाही. कारण हंगामाआधी विक्रेते आगाऊ पैसे भरून माल नोंदवतात. विक्रेता ते पैसे कुठून आणतो? बँकेकडून. आणि शेतकरी त्याच्याकडून उधारीवर घेतो, दिवाळीला सोयाबीन विकून फेडतो, वर काहीतरी देऊन. म्हणजे व्याज नाहीसं झालेलं नाही, कंपनीच्या ताळेबंदातून निघून शेलूबाजारच्या वहीत येऊन बसलं आहे. आपण हातात बिनव्याजी कंपनीचा शेअर घेऊन खूश, आणि त्याच कंपनीच्या पाकिटासाठी आपला चुलत भाऊ दुकानदाराला व्याज देतो आहे. याला मी पाक म्हणू शकत नाही.

शरियतच्या चाळणीचं पण तसंच. आपल्याकडे २०१० पासून मुंबई शेअर बाजारात शरिया निर्देशांक आहे, टाटा एथिकलसारखे फंड आहेत. या चाळण्या कंपनीचं कर्ज ठरावीक मर्यादेत आहे का ते पाहतात. कुठं पाव भाग, कुठं एक तृतीयांश. ही पद्धत चांगली आहे आणि गैरमुस्लिम गुंतवणूकदारानंही वापरावी अशी आहे. पण काही चाळण्या कर्जाची तुलना मालमत्तेशी करतात, काही शेअरच्या बाजारभावाशी. बाजारभाव चढलेला असताना तेच कर्ज छोटं दिसतं, भाव पडला की मोठं. म्हणजे तेजीत कंपनी हलाल आणि पडल्यावर हराम. घर जळाल्यावर वाजणारी घंटा काय कामाची? म्हणून यादीवर विसंबून राहू नका, ताळेबंद स्वतः उघडा.

आणखी एक खटकणारी गोष्ट. व्याजाविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं बोलणारे आपले लोक वाटा घ्यायला तयार नसतात. खैबरच्या जमिनी पैगंबरांनी अर्ध्या उत्पन्नाच्या वाट्यानं कसायला दिल्या, हे प्रत्येक जुम्म्याला ऐकलेलं असतं. पण गावातल्या चार पोरांनी डाळमिल टाकायची म्हटलं तर त्यांच्यात भागीदार व्हायला कुणी येत नाही. नफ्यात वाटा हवा, तोट्यात नको. तोट्यातला वाटा नाकारून ठरलेला परतावा मागणं म्हणजे व्याजच, त्याला नाव काहीही द्या. सरकारकडे तक्रार करायची ती करूच: रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, रिझर्व्ह बँकेनं २०१७ पर्यंत ती गुंडाळली, स्टेट बँकेचा शरिया फंड डिसेंबर २०१४ मध्ये ऐन वेळी थांबला. पण भागीदारीचा करार करायला रिझर्व्ह बँकेची परवानगी कधीच लागत नव्हती.

काय मागायचं, काय बघायचं

सरकारकडे माझं मागणं साधं आहे. ठिबकचं अनुदान ठरलेल्या दिवसात द्या; उशीर झाला तर त्याचं व्याज सरकारनं भरावं. शेतकऱ्याकडून थकबाकीवर व्याज घेताना कुणाला लाज वाटत नाही, मग देताना का वाटावी? दिवाळखोरीतून बाहेर येणाऱ्या कंपनीत किमान पाच टक्के शेअर लोकांकडे हवेत, हा नियम २०२१ मध्ये आला. चांगलं झालं, पण पाच टक्क्यांवरही भाव खेळवता येतो. तो आकडा वाढवा. आणि ज्या बँकेनं एका कंपनीत निम्मे पैसे सोडले तिनं त्याच कंपनीच्या खरेदीदाराला कर्ज देताना कारण जाहीर करावं. पैसा ठेवीदारांचा आहे.

आणि माझ्या त्या चौकातल्या बेट्याला, त्याच्यासारख्या सगळ्यांना: शेअर घेण्याआधी चारच गोष्टी बघा. मालकांच्या पैशाच्या किती पट कर्ज आहे. वर्षाची कमाई व्याजाच्या किती पट आहे. दुपटीच्या आत असेल तर एका वाईट पावसाळ्याचं अंतर आहे. येणं किती दिवसांनी वसूल होतं. आणि प्रवर्तकानं आपले शेअर गहाण ठेवलेत का. हे सगळं कंपनीच्या जाहीर कागदपत्रांत फुकट मिळतं, त्याला टिप देणारा लागत नाही.

आमच्या भागात कर्जानं शेतकरी कसा मरतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तीन एकरवाल्याला मक्ता पेलत नाही हे आम्हाला कळतं. मग तीन हजार कोटींच्या कंपनीला पेलतो असं का वाटतं? पाऊस दोघांचा एकच आहे. फरक एवढाच की शेतकऱ्याचं शेत जातं तेव्हा गावाला दिसतं, आणि शेअरधारकाचा पैसा जातो तेव्हा मोबाईलवर फक्त एक लाल आकडा दिसतो.

तो मुलगा चहा संपवून उठताना म्हणाला, "बघतो चाचा, कर्ज किती हाय ते." बघितलं तर बरं. बापाच्या तीन एकरांचा पैसा आहे तो.